हात वर करणे

मंगळवारी आणि शुक्रवारी, दहाच्या ठोक्याला,
मिएरेसच्या आरोग्यकेंद्राच्या तळघरात
आम्ही सात जण खुर्च्यांवर बसून हात वर करतो,
बँकेवर दरोडा पडल्यासारखे.
डॉक्टरांनी आधीच केले होते.

डंबेल एक किलोचं. तेही गुलाबी.
ज्या हातांनी सव्वीस वर्षं
खडक फोडायचं यंत्र डोक्यावरच्या छताला टेकवून धरलं,
त्यांत हे.
सेल्सो म्हणतो, कुणी फोटो काढला तर मुडदा पाडीन.
मुडदा पाडायला लागणारा दम
त्या वाक्यातच संपतो. मग तो नळीतून ओढत बसतो.

शाना पोरगेली. तिचा आजोबा माझ्याच पाळीला होता.
त्यानं कधी आवाज चढवला नाही,
ही मात्र दम देते.
द्यायला तिच्याकडे आहे.

ती सांगते: तुमच्या मानेचे, खांद्यांचे स्नायू
डबल पाळी करताहेत.
फुफ्फुसांना झेपत नाही, म्हणून भाताही हेच ओढतात.
हात वर नेलात की ते तिकडे जातात
आणि भात्यापाशी कुणीच उरत नाही.
इतकं साधं.
अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं,
किंवा मी ऐकलं नव्हतं.

म्हणून दाढी बसून.
म्हणून वरच्या फळीवरचे कप खाली आले.
म्हणून हर्मिनिया
(जन्मात खाणीत उतरली नाही,
नवऱ्याचे कपडे अंगणात झटकत राहिली फक्त)
चादरी आता खुर्चीच्या पाठीवर वाळवते,
आणि केस कापून टाकलेत.
छान दिसतात, म्हटलं मी.
छान नाही, सोपे, म्हणाली.

उचलताना श्वास सोडायचा,
तोंडाचा चंबू करून, गरम सूप फुंकल्यासारखा.
मी जन्मभर उलट केलं:
श्वास कोंडायचा, मग उचलायचं.
खाली हवा आत घेण्यासारखी नव्हतीच.

बोटाला चिमटा. ब्याण्णव. नव्वद.
अठ्ठ्याऐंशीला शाना म्हणते, थांबा.
सगळे आपापल्या बोटाकडे बघतात,
पत्ते बघावेत तसे, शेजाऱ्याला न दाखवता.

आता खरी गोष्ट.
आमच्याकडे सफरचंदाची दारू ओतत नाहीत, पाडतात.
बाटली डोक्याच्या वर, हात ताणून;
पेला दुसऱ्या हातात, मांडीपाशी.
बाटलीकडे बघायचं नसतं.
समोर कुठेतरी, बस येते का बघतोय असं.
धार काचेच्या काठावर फुटते,
फेस बसायच्या आत एका दमात प्यायची.
मी पाडायचो तेव्हा लोक बोलायचे थांबायचे.
हे मीच सांगतोय, पण विचारा कुणालाही.

मार्चमध्ये बेनिग्नोच्या गुत्त्यात गेलो.
त्यानं न बोलता टेबलावर एक यंत्र आणून ठेवलं,
बॅटरीवरचं. बटण दाबलं की दारू येते.
पर्यटकांसाठी असतं ते.
मी आभार मानले. दोन पेले घेतले.
पुन्हा गेलो नाही.

शानाला मी हे बोललो नव्हतो. हर्मिनिया बोलली असणार.
गेल्या शुक्रवारी डंबेलच्या जागी
हिरवी बाटली, नळाचं पाणी भरलेली, आणि एक पेला.
चंबू करा, ती म्हणाली. सोडत सोडत वर.

छाती. हनुवटी. कपाळ.
कपाळाशी खांदा लटपटला.
सेल्सोनं नाकातली नळी काढून पाहिलं,
जणू तिच्यामुळे दिसत नव्हतं.
कपाळाच्या वर चार बोटं. पाच असतील.
समोर बघितलं: भिंत,
आग लागल्यास कुठून पळायचं त्याची पाटी.
धार सुटली.

पेल्यात जेमतेम दोन घोट,
बाकीचं सेल्सोच्या सपातांत.
चिमटा सत्याऐंशी. शानानं खांदा दाबून मला बसवलं.

रीत अशी, की पेल्यातला शेवटचा घोट
आपण प्यायचा नाही, जमिनीला द्यायचा.
जमिनीचं देऊन झालं, मी म्हणालो,
तीन तुकड्यांत, मध्ये दम खात.
आता पेल्याचं बघू.